डेअर, डी, डास पुन्हा पुन्हा चुकतंय? आधी चूक कोणत्या जातीची ते बघा

तक्रार साधारण अशी असते. जर्मनची पहिली पातळी ए-वन झालं, दुसरी ए-टू झालं, तिसरीचं म्हणजे बी-वनचं पुस्तक निम्मं संपलं. वाचलेलं समजतं, ऐकलेलंही बऱ्यापैकी समजतं. जर्मनमध्ये नामाआधी त्याच्या लिंगाप्रमाणे आर्टिकल लागतं: पुल्लिंगी ‘डेअर’, स्त्रीलिंगी ‘डी’, नपुंसकलिंगी ‘डास’. पण तोंड उघडलं की पुल्लिंगी टेबलाला ‘डास’ लागतो आणि नपुंसक खिडकीला ‘डी’. शिक्षक दुरुस्त करतात, आपण मान हलवतो, आणि पुढच्या आठवड्यात तेच टेबल, तोच डास. (खरा डास मराठीत पुल्लिंगी आहे आणि जर्मनमध्ये ‘डी म्युके’ म्हणजे स्त्रीलिंगी, पण त्याचं नंतर.)

मी स्वतः फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, मग काही वर्षं चाकणच्या एका कारखान्यात भाषांतराचं काम केलं, आणि आता संध्याकाळी कोथरूडला घरीच सात-आठ जणांच्या बॅचेस घेते. हा प्रश्न घेऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला आधी कुणीतरी सांगितलेलं असतं की तुझं पाठांतर कमी पडतंय. मग तो बिचारा अप्पा बळवंत चौकातून आणखी एक शब्दसंग्रह आणतो, तीन रंगांची पेनं आणतो, पुल्लिंगी निळा, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरवा असं सगळं रंगवतो, आणि बोलताना पुन्हा तिथेच अडतो. रंग वाचताना दिसतात. बोलताना डोळ्यांपुढे वही नसते.

माझा अनुभव असा की ‘आर्टिकल चुकतं’ हा एक आजार नाहीच. चार वेगळ्या दुखण्यांचं ते एकच लक्षण आहे, आणि चारांची औषधं वेगळी. पाठांतराची गोळी त्यातल्या एकाच दुखण्यावर चालते. म्हणून औषधाआधी तपासणी.

दोन आठवड्यांची वही

एक साधी शंभर पानी वही घ्या. दोन आठवडे वर्गात, गृहपाठात, मित्राशी बोलताना जे जे आर्टिकल चुकेल ते तिथल्या तिथे वाक्यासकट लिहा. नुसता शब्द नको, पूर्ण वाक्य हवं, कारण रोग वाक्यातच दिसतो. रात्री निवांत बसून प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर टाका.

शब्दाचं लिंग कधी माहीतच नव्हतं, अंदाजाने ठोकलं, तर ‘न’. मराठीतलं लिंग उचलून जर्मन शब्दाला लावलं, तर ‘म’. लिंग पाठ आहे पण वाक्यात रूप चुकलं, तर ‘वि’, म्हणजे विभक्ती. आणि सगळं येत होतं, नुसती जीभ घसरली, तर ‘घ’, घाईचा.

‘वि’ आणि ‘घ’ ओळखायची युक्ती सोपी आहे. दुसऱ्या दिवशी कुणालातरी तो शब्द सुटा विचारायला सांगा. ‘टिश?’ (म्हणजे टेबल.) तुम्ही पटकन ‘डेअर टिश’ म्हणालात, तर लिंग शाबूत आहे. मग काल वाक्यात काय झालं ते पाहायचं.

दोन आठवड्यांनी अक्षरं मोजा. बहुतेकांना धक्का बसतो, कारण ‘न’ अपेक्षेपेक्षा कमी निघतात. मराठी माणसाच्या वहीत ‘म’ आणि ‘वि’ यांचाच सुळसुळाट असतो.

‘म’: आपलाच कान दगा देतो

आपल्याला वाटतं, जर्मनमध्ये तीन लिंगं, आपल्याकडेही तीन, मग सोपंच की! हिंदीत नपुंसकलिंग उरलं नाही, इंग्रजीत तर निर्जीव वस्तूंना लिंगच नाही. आपण मात्र तो-ती-ते घेऊनच जन्मलो. ही पुंजी खरी आहे, पण नाणी दुसऱ्या राज्याची आहेत.

आरशासमोर उभे राहा. डोकं नपुंसकलिंगी, जर्मन ‘डेअर कोप्फ’ पुल्लिंगी. डोळा पुल्लिंगी, ‘डास आउगे’ नपुंसक. नाक नपुंसक, ‘डी नाझे’ स्त्रीलिंगी. कान पुल्लिंगी, ‘डास ओअर’ नपुंसक. तोंड नपुंसक, ‘डेअर मुंट’ पुल्लिंगी. अख्खा चेहराही फिसकटतो: आपला पुल्लिंगी, त्यांचं ‘डास गेझिश्ट’ नपुंसक. तोंड उघडलं तर आत मात्र सलोखा आहे. दात दोन्हीकडे पुल्लिंगी, ‘डेअर त्सान’, आणि जीभ दोन्हीकडे स्त्रीलिंगी, ‘डी त्सुंगे’.

स्वयंपाकघरात जरा मिश्र हवामान आहे. चहा, भात, मीठ, अंडं जुळतात: डेअर टे, डेअर राइस, डास झाल्त्स, डास आय. दूध आणि लोणी तिकडे स्त्रीलिंगी होतात, साखर पुल्लिंगी होते, कांदा-बटाटा-टोमॅटो हे आपले तीन गडी तिकडे तिन्ही बायका होतात. खणात चमचा जुळतो, काटा स्त्रीलिंगी निघतो, सुरी नपुंसक. आणि खिडकी-दार तर मुद्दाम खोडी काढल्यासारखे: ती खिडकी, ते दार, डास फेन्स्टर, डी ट्यूर.

इंग्रजी माध्यमातून विचार करणाऱ्याला हा त्रास कमी होतो, कारण त्याच्या डोक्यात ‘फेन्स्टर’ला लिंगच नसतं. आपल्या डोक्यात आधीच एक उत्तर तयार असतं, आणि ते उत्तर आत्मविश्वासाने चुकीचं असतं. म्हणून मराठी विद्यार्थी चुकताना अडखळत नाही. ठसक्यात ‘डी फेन्स्टर’ म्हणतो. शिक्षकाने लक्षात ठेवावं, अडखळलेली चूक बहुधा ‘न’ असते, ठसक्यातली बहुधा ‘म’.

यावर मी जे औषध देते ते ऐकून पहिल्यांदा सगळे हसतात. जर्मन नाम मराठी वाक्यात घाला, पण जर्मन लिंगाने चालवा.

म्हणजे असं: ‘अगं, तुझं फेन्स्टर उघडंच राहिलं.’ ‘आमची ट्यूर नीट लागत नाही, सारखी करकरते.’ ‘हा श्टूल (खुर्ची) डुगडुगतो, दुसरा आण.’ ‘माझा कोप्फ दुखतोय.’ ‘सर्दीने नाझे लाल झालीये.’ ‘उजवं आउगे लवतंय, काहीतरी चांगलं होणार.’ ‘एवढी झोने (सूर्य) तापलीये आणि तू टेकडीवर निघालास?’ पुण्यातली निम्मी पोरं असंही इंग्रजी शब्द घालूनच मराठी बोलतात, त्यामुळे जिभेला हा प्रकार नवा नाही.

हे का चालतं, ते सांगते. मराठी वाक्यात लिंग एकदा सांगून भागत नाही. ‘माझी नेहमीची निळी बस आज आली नाही’ या एवढ्याशा वाक्यात बसचं बाईपण चार ठिकाणी उमटलंय: माझी, नेहमीची, निळी, आली. जर्मनमध्ये हेच वाक्य केलं तर क्रियापदाला बसच्या लिंगाशी काही देणंघेणं नसतं, ‘माइन’ म्हणजे माझा की माझं, त्यावरून पुल्लिंग की नपुंसक ते कळत नाही, आणि उरतं ते ‘ब्लाउअर’ (निळा) या विशेषणाच्या शेपटीवर. ‘माइन कोप्फ’ आणि ‘माइन ओअर’ ऐकायला अगदी एकसारखे. ‘आइन टिश’ (एक टेबल), ‘आइन हाउस’ (एक घर) तेही तसंच. जर्मन वाक्य महिनाभर चुकीच्या लिंगाच्या समजुतीवर बिनबोभाट बोलता येतं. मराठी वाक्य ते करू देत नाही. ‘माझा’ की ‘माझं’, तोंडातून काहीतरी एक काढावंच लागतं, आणि ते तीन-चार वेळा काढावं लागतं.

एक पथ्य आहे. हा खेळ प्रथमा विभक्तीपुरताच. ‘फेन्स्टरात’, ‘कोप्फावर’ असं सुरू केलंत तर मराठीचं सामान्यरूप पक्कं होईल आणि जर्मनच्या विभक्तीला काडीचा उपयोग होणार नाही. आणि सगळे शब्द घालायचे नाहीत. जे जुळतात ते सोडून द्या, त्यांना मराठी कान आपोआप सांभाळतो. फक्त भांडणारे शब्द. रोज पाच, घरात फिरत, ज्या वस्तूला हात लागेल तिचे. मी स्वतः मेट्रोत हे करते, मनातल्या मनात. वनाज ते रामवाडी एवढ्यात डब्यातल्या सगळ्या वस्तू होतात आणि शेजारच्यांकडे बघून कपडे सुरू करता येतात.

तीन आठवड्यांनी पुढची पायरी, ‘आइन’नंतर विशेषण. ‘मोठा टेबल’ असं मुद्दाम चुकीचं मराठी मनात आणा आणि शेजारी ‘आइन ग्रोसर टिश’ ठेवा. ‘मोठी लाम्पे, आइने ग्रोसे लाम्पे’. ‘मोठं हाउस, आइन ग्रोसेस हाउस’. मोठा-मोठी-मोठं यांच्या जागी अर-ए-एस. ही जोडी बसली की ‘आइन’च्या मागे लपलेलं लिंग शेपटीवरून बाहेर येतं.

‘मेडश्येन’बद्दल दोन शब्द. मुलगी नपुंसकलिंगी कशी, म्हणून दर बॅचमध्ये एकदा तरी हशा होतो. मूळची सावंतवाडीची माझी आजी हसली नसती. मालवणीत लहान मुलीला ‘ता चेडू’ म्हणतात, सरळ नपुंसक. आणि देशावरच्या मराठीतही लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, पिल्लू ही सगळी छोटी मंडळी ‘ते’च आहेत ना? जर्मनमध्येही मूल ‘डास किंट’, वासरू ‘डास काल्प’, कोकरू ‘डास लाम’. शब्दाला ‘श्येन’ किंवा ‘लाइन’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की मुळातलं लिंग काहीही असो, शब्द नपुंसक होतो. ज्यांची दहावीला संस्कृत होती त्यांना तर मी एवढंच म्हणते की बायकोला ‘दाराः’ पुल्लिंगी, ‘भार्या’ स्त्रीलिंगी आणि ‘कलत्रम्’ नपुंसकलिंगी म्हणणारी भाषा तुम्ही शंभर गुणांसाठी घोकलीत, तेव्हा मेडश्येनवर रुसायचा अधिकार तुम्हाला नाही.

‘वि’: लिंग बरोबर, रूप चुकलं

हा रोग फसवा आहे, कारण तो हळूहळू चांगलं लिंगही बिघडवतो.

काय होतं बघा. तुम्ही ‘डी शूले’ शिकलात, शाळा स्त्रीलिंगी, मराठीतही स्त्रीलिंगी, आनंद. मग आठवडाभर ऐकता काय? ‘इन डेअर शूले’ (शाळेत), ‘आउस डेअर शूले’ (शाळेतून), ‘नाख डेअर शूले’ (शाळेनंतर). कानावर दहा वेळा ‘डेअर शूले’ पडतं आणि एक वेळा ‘डी शूले’. अकराव्या वेळी तोंडातून ‘डेअर शूले इस्ट ग्रोस’ बाहेर पडतं, आणि वर तुम्ही शपथेवर सांगता की मी हे ऐकलंय. ऐकलं होतंच. ती चतुर्थी होती.

चार विभक्ती, तीन लिंगं आणि अनेकवचन मिळून सोळा घरं. त्यांत राहायला माणसं सहाच: डेअर, डी, डास, डेन, डेम, डेस. एकटा ‘डेअर’ चार घरांत राहतो: पुल्लिंगी प्रथमा, स्त्रीलिंगी चतुर्थी, स्त्रीलिंगी षष्ठी, आणि अनेकवचनाची षष्ठी. ‘डी’चीही चार घरं. म्हणून ‘डेअर ऐकलं म्हणजे पुल्लिंगी’ हा हिशेब चुकतो. कानावर आलेल्या आर्टिकलवरून लिंग ठरवायचं तर आधी विचारायचं, याच्या आधी कोणतं शब्दयोगी अव्यय बसलंय?

पुण्यात शिकलेल्याला यावर हातचं औषध आहे. आपण ‘देवः देवौ देवाः’ चालवलेलं असतं. तसंच हे आडवं चालवा, प्रथमा-द्वितीया-चतुर्थी-षष्ठी या क्रमाने: डेअर डेन डेम डेस, डी डी डेअर डेअर, डास डास डेम डेस, डी डी डेन डेअर. पोळ्या लाटताना, जिना चढताना. पंधरा दिवसांत ते बिस्मिल्लाच्या शहनाईसारखं नाही तरी पाढ्यासारखं येतं. पण नुसता पाढा पुरत नाही, तो मराठीशी बांधायला हवा, आणि बांधायला जागा आहे.

आपल्या सामान्यरूपाकडे बघा. फणस, फणसाला. झाड, झाडाला. आंबा, आंब्याला. तळं, तळ्याला. वीट, विटेला. शाळा, शाळेला. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी विभक्तीत एकाच वाटेने जातात, स्त्रीलिंगी वेगळी वाट धरते. जर्मन चतुर्थीत नेमकं हेच होतं: डेम टिश, डेम हाउस, पण डेअर शूले. आपल्याकडे फरक शब्दाच्या शेपटीला दिसतो, त्यांच्याकडे आर्टिकलच्या. ‘-ला’ लागल्यावर आंबा आणि तळं भाऊ-भाऊ होतात, एवढं आठवलं की ‘डेम’ कुणाला आणि ‘डेअर’ कुणाला हा घोळ सुटतो. आणि द्वितीयेत तर एकटा पुल्लिंगीच हलतो, डेअरचा डेन होतो. बाकी सगळे जिथल्या तिथे.

एक अडचण मात्र मराठीनेच आणलेली आहे. ‘शाळेत जातो’ आणि ‘शाळेत आहे’, दोन्हीकडे आपलं ‘-त’. जर्मन इथे दोन रूपं मागते: जायचं असेल तर ‘इन डी शूले’, असायचं असेल तर ‘इन डेअर शूले’. अशी दुहेरी वागणारी शब्दयोगी नऊ आहेत: आन, आउफ, हिंटर, इन, नेबेन, यूबर, उंटर, फोर, त्स्विशेन. वहीत ज्यांच्या ‘वि’ चुका या नऊपैकी एकाच्या पुढे पडलेल्या असतात, त्यांचा लिंगाशी काही तंटा नाही. त्यांनी ‘कुठे आहे’ आणि ‘कुठे चाललंय’ हे दोन प्रश्न वेगळे विचारायला शिकावं, जर्मनमध्ये वो आणि वोहिन. आर्टिकलची यादी घोकून त्यांना काही मिळणार नाही.

‘त्सुम बानहोफ’ (स्टेशनकडे), ‘त्सुअर पोस्ट’ (पोस्टाकडे) असे जोडशब्द तोंडी बसलेले असतील तर त्यांचा उलटा उपयोग करा. ‘त्सुम’ म्हणजे त्सू डेम, तेव्हा बानहोफ स्त्रीलिंगी असूच शकत नाही. ‘त्सुअर’ म्हणजे त्सू डेअर, तेव्हा पोस्ट स्त्रीलिंगीच. पाठ असलेल्या वाक्यांमध्ये अशी बरीच माहिती गुंडाळलेली असते.

अनेकवचनाचा ‘डी’ हाही असाच चोरटा. ‘डी शूहे’, ‘डी ब्यूशर’ सतत ऐकून बूट आणि पुस्तक स्त्रीलिंगी वाटू लागतात. ते डेअर शू आणि डास बूख. मराठीत ‘ते घर’ आणि ‘ते घोडे’ यांत आपण गडबडत नाही, कारण घोडे अनेकवचनी आहेत हे शब्दावरूनच दिसतं. म्हणून जर्मन अनेकवचन एकवचनासोबत एका श्वासात पाठ करायचं. यापेक्षा मोठी युक्ती त्यात नाही.

‘न’: माहीतच नव्हतं

आधी कारण. बहुतेकांच्या वहीत डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ असतो. इंग्रजीचं ‘द’ हे रोडरोलर आहे, तिन्ही लिंगं सपाट करतं. शब्द इंग्रजीमार्गे डोक्यात शिरला की लिंग नाक्यावर जप्त होतं. अर्थ मराठीत लिहा किंवा चित्र काढा, आणि आर्टिकलशिवाय शब्द वहीत उतरवूच नका.

आता नियम. इथे शिकवण्यांचं दुकान जोरात चालतं: ‘पन्नास नियम, सगळी लिंगं.’ माझं मत, प्रत्ययांचे नियम तेवढे शिकावेत, अर्थावरचे बरेचसे सोडून द्यावेत.

प्रत्ययांत सर्वांत भरवशाचे स्त्रीलिंगी. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, टेट, त्सिओन: यांनी शब्द संपला की डोळे मिटून डी. त्साइटुंग, फ्राइहाइट, मोएगलिशकाइट, फ्रॉइंटशाफ्ट, उनिव्हर्झिटेट, श्टात्सिओन. ‘उंग’मध्ये एक डोळा किलकिला ठेवा, कारण ‘डेअर श्प्रुंग’ म्हणजे उडी, त्यातला उंग हा प्रत्यय नसून शब्दाचंच अंग आहे. ‘ए’ने संपणारे बहुतेक स्त्रीलिंगी, पण डेअर नामे, डेअर केझे, डास आउगे, डास एंडे हे नेहमीच्या वापरातलेच बंडखोर आहेत. नपुंसकाकडे श्येन-लाइन झालेच. क्रियापदच नाम म्हणून वापरलं तर तेही नपुंसक, ‘डास एसेन’, अगदी आपल्या ‘खाणं’सारखं. पुल्लिंगाकडे ‘इस्मुस’ आणि ‘लिंग’. होय, ‘लिंग’. फ्र्यूलिंग म्हणजे वसंत, श्मेटरलिंग म्हणजे फुलपाखरू, लेअरलिंग म्हणजे उमेदवारी करणारा. ‘लिंग’ असेल तर पुल्लिंग. हा नियम आजवर माझ्या एकाही विद्यार्थ्याने विसरलेला नाही.

अर्थावरच्या नियमांत वार, महिने, ऋतू पुल्लिंगी एवढं पक्कं धरा. पाऊस, वारा, आभाळातून पडणारा बर्फ, धुकंही पुल्लिंगी. चाकणकडे नोकरी असेल तर एक गंमत उपयोगी पडते: मोटारींची नावं पुल्लिंगी, मोटारसायकलींची स्त्रीलिंगी. त्यामुळे बी-एम-डब्ल्यू ‘डेअर’ की ‘डी’ यावर तुम्ही चार चाकांबद्दल बोलताय की दोन, ते कळतं. आपण मात्र गाडी म्हणून दोन्हीला ‘ती’च म्हणतो.

समासात शेवटचा शब्द राजा. विद्या स्त्रीलिंगी असली तरी विद्यापीठ ‘ते’, कारण पीठ. तसंच व्योर्टरबूख (शब्दकोश) ‘डास’, कारण बूख. हाउस्ट्यूर (घराचं दार) ‘डी’, कारण ट्यूर. शब्द कितीही लांब असो, आगगाडीच्या शेवटच्या डब्याकडे बघा. या एका नियमाने जितके शब्द एका फटक्यात वहीतून कमी होतात तितके दुसऱ्या कशाने होत नाहीत.

आणि ‘अर’ने संपतो तो पुल्लिंगी, हा नियम मात्र जपून. लेअरर, कॉम्प्यूटर, फेर्नझेअर पुल्लिंगी आहेतच. पण मेसर, फेन्स्टर, त्सिमर, वासर नपुंसक, आणि मुटर, बुटर, नुमर स्त्रीलिंगी. (‘वासर’ला मी ‘वासरू’ची शेपटी लावून पाठ केलं होतं, आजतागायत चुकलं नाही.) या नियमाने मला चांगलं तोंडघशी पाडलंय. कारखान्यात एकदा पाहुणे आले होते, आणि शेडमधली शिडी मोडली आहे, तिकडून जाऊ नका, हे मला सांगायचं होतं. शिडी म्हणजे ‘लाइटर’, शेवटी अर, म्हणून मी बिनधास्त म्हणाले, ‘डेअर लाइटर इस्ट कापुट.’ पाहुण्याने आमच्या विभागप्रमुखांकडे अतीव काळजीने पाहिलं. ‘डी लाइटर’ म्हणजे शिडी आणि ‘डेअर लाइटर’ म्हणजे प्रमुख. साहेब मोडले होते. यात बोचतं ते हे की शिडी मराठीतही स्त्रीलिंगीच आहे. त्या दिवशी कानाचं ऐकलं असतं तर वाचले असते, नियमाने घात केला.

असे जुळे शब्द थोडे आहेत आणि ते वेगळे लिहून ठेवावेत. ‘डेअर झे’ तळं, ‘डी झे’ समुद्र. ‘डी श्टॉयर’ कर, ‘डास श्टॉयर’ गाडीचं चाक, म्हणजे हातातलं. आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. ‘वेळ गेला’ आणि ‘वेळ झाली’ यांत फरक काय, हे एखाद्या जर्मनला समजावून बघा.

‘घ’: घाई

ही सर्वांत सोपी. लिंग येतं, विभक्ती येते, पण आर्टिकल नामाच्या आधी म्हणावं लागतं आणि नाम अजून सुचलेलंच नसतं. मग जीभ सवयीने ‘डी’ टाकते. किंवा पुण्याची खास युक्ती, ‘ड्ड’ असं काहीतरी पुटपुटायचं आणि समोरच्याने आपल्या सोयीने ऐकावं ही अपेक्षा. बी-वनच्या तोंडी परीक्षेत हे पुटपुटणं परीक्षकाला ऐकू जातं. बोलण्याआधी नाम मनात आणा, मग आर्टिकलसकट एका तुकड्यात म्हणा. अर्धा सेकंद थांबलात तर कुणी घड्याळ लावून बसलेलं नसतं.

‘शंका आली की डी ठोक’ हा सल्ला सगळीकडे फिरतो. त्यात थोडं तथ्य आहे, कारण शब्दकोशात स्त्रीलिंगी नामं सर्वाधिक आणि नपुंसकलिंगी सर्वांत कमी. पण तो लांब, प्रत्यय लागलेल्या शब्दांच्या जिवावर. रोजच्या बोलण्यातले एका झटक्यात संपणारे शब्द, टिश, श्टूल, बाउम, हुंट, कोप्फ, पुल्लिंगाकडे झुकतात. छोट्या शब्दाला ‘डी’ लावणं तोट्यात जातं.

वही महिनाभर चालवल्यावर अक्षरं पुन्हा मोजा. ‘म’ सर्वांत आधी घटतात, बहुतेकांचे तीन-चार आठवड्यांत. ‘वि’ चिवट असतात. ‘घ’ काही दिवस वाढतात, कारण आता तुम्ही विचार करून बोलता, त्याने घाबरू नका.

मोजताना काही शब्द वगळा, कारण त्यांवर जर्मन भाषिकांचंच एकमत नाही. ई-मेल जर्मनीत बहुतेक ठिकाणी ‘डी’, ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडकडे ‘डास’. ब्लॉग ‘डेअर’ही आणि ‘डास’ही. योगसुद्धा. आपल्याकडे पेन ‘तो’ की ‘ते’ यावर शनिवार पेठेत आणि नागपुरात वाद होतो, तसंच. परवा बॅचमधल्या एकीची वही तपासत होते. ‘योगुर्ट’पुढे तिने आधी ‘डेअर’ लिहिलं होतं, ते खोडून ‘डास’ केलं होतं, मग तेही खोडून बाजूला लाल शाईने मोठा ‘न’ टाकला होता. दोन्ही वेळा बरोबर होतं.